नानांच्या भरिताचं आमंत्रण

मेल जात नव्हती. येत होती, धो धो येत होती, पण पेढीतून बाहेर एक जाईल तर शपथ. फैजपूरची ही केळी परदेशी पाठवणारी पेढी. इथे हमालापासून मालकापर्यंत सगळ्यांना सगळ्यातलं कळतं, त्यामुळे सकाळपासून जो तो कहकशाच्या खुर्चीमागे येऊन आपलं ज्ञान पाजळत होता. एक म्हणाला, वायर हलवून बघ. दुसरा म्हणाला, डबा बंद करून परत चालू कर. तिसऱ्याने उदबत्ती लावायला सांगितली, आणि मेला थट्टाही करत नव्हता.

डबा म्हणजे पेढीचा मेल सर्व्हर. भंगारात निघालेला कॉम्प्युटर कहकशाने घरी नेऊन, रात्री जागून, स्वतः उभा केला होता. पेढीच्या नावाची सगळी मेल त्याच्यातूनच यायची आणि जायची. गावात तिची ओळख खाजा वेल्डरची पोरगी अशी होती, ती या डब्यामुळे ‘मेलवाली कहकशा’ झाली होती. आता हसू नका, तिला त्या नावाचा अभिमान होता.

आणि आज नेमका कंटेनर दुबईच्या वाटेवर. कागद संध्याकाळच्या आत गेले नाहीत तर माल बंदरात अडकणार, आणि केळं काय कोणासाठी थांबतं? दुसऱ्या कुठल्या खात्यावरून पाठवावेत तर तिकडचं गिऱ्हाईक महावस्ताद. करारात लिहिलेल्या पत्त्यावरूनच कागद घेणार, नाहीतर उघडूनही बघणार नाही.

मालक रुपचंद नाना केबिनच्या दारात आले. मूळचे शिंदखेड्याकडचे, मनाने दिलदार, तोंडाने फटाका.

“पोरी, लई झालं तुझं कौतुक. मी आत्ताच पुण्याच्या कंपनीला मेल टाकलीये. उद्या या आणि सगळं ताब्यात घ्या म्हटलं. हा डबा मला परत दिसायला नको. तू वजनकाट्यावर बस.”

वजनकाटा! कहकशाला ते फार लागलं. रडू येत होतं, पण या टोळक्यासमोर रडण्यापेक्षा तिने डबा डोक्यात घालून घेतला असता. ती मुकाट्याने कामाला लागली.

डिस्क भरली नव्हती. डोमेनच्या नोंदी जागच्या जागी होत्या. बाहेर जायच्या मेल रांगेत तुंबल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे एकच रडगाणं, समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही. एखादा सर्व्हर झोपला असेल म्हणावं, पण दुनियेतले सगळे एकदम कसे झोपतील? तिने एकेकाचं दार ठोठावून पाहिलं. वेबसाइट धडाधड उघडत होत्या, फक्त मेल जायची वाट बंद. म्हणजे डबा शहाणा होता. वाट इंटरनेट देणाऱ्यानेच बंद केली होती.

तिने धुळ्याला इंटरनेटवाल्या हितेंद्रला फोन लावला.

“हो, मीच बंद केलीये,” तो म्हणाला. “परवापासून तुमच्याकडून मेलचा नुसता पूर येतोय. त्यात एका ग्राहकाने स्पॅमची तक्रार केली. तो तक्रार मागे घेईल तर उघडतो.”

“कोण ग्राहक?”

“ते सांगता येत नाही, नियम आहे,” हितेंद्र म्हणाला, आणि लगेच आवाज खाली आणून, “शिंदखेड्याचे झुलाल आबा. इथे ऑफिसात येऊन बसले होते हो, चहासुद्धा घेतला नाही.”

झुलाल आबा म्हणजे नानांचे व्याही. कहकशाच्या डोक्यात उजेड पडला.

परवा नानांनी मळ्यातल्या भरिताचं आमंत्रण पाठवायला सांगितलं होतं. हिवाळा लागला, वांगी आली, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ते सगळं ठीक. पण पत्ते बाराशे! कहकशाने सांगितलं होतं, नावं झाकून थोडी थोडी पाठवू. नाना भडकले होते. “आमंत्रण काय चोरून द्यायचं असतं? कोणाकोणाला बोलावलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. त्यातच मान असतो.” झालं. बाराशे नावं उघड्यावर. मग एकेकाने सगळ्यांना उत्तर दिलं, ‘येतो’, ‘भाकरी कळण्याचीच ना?’, ‘मागच्या वर्षी तिखट कमी होतं’. आणि नाना असे मानी की प्रत्येकाला, पुन्हा बाराशे जणांसमोर, ‘या या!’ म्हणून उत्तर देत बसले. दिवसभर. आपल्या हाताने.

ती केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. आपल्या ‘या या’ने वाट तुंबली, हे नानांना पटायला वेळ लागला. आबांचं नाव ऐकल्यावर मात्र ते उसळलेच.

“तक्रार? व्याही असून? कशापायी?”

“यादीत त्यांचं नाव चाळिसाच्या मागे आहे. आणि आपल्या हमालांचा मुकादम तोताराम पहिला.”

“अरे, पण मला आठवतील तशी सांगितली मी नावं! एवढ्या तेवढ्यावर कोणी रुसतं का?”

“नाना,” कहकशा म्हणाली, “बाराशे नावं मी टाइप केली. त्यात माझं नव्हतंच. मी रुसले का? कामाला लागले. वाईट मात्र वाटलं, खोटं कशाला बोलू?”

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग उगाच पंख्याकडे. फोन उचलला आणि अहिराणीत सगळी चूक आपल्या माथी घेतली.

“आबा, राम राम. चूक व्हयनी. बठ्ठी चूक मनी शे.” पलीकडून जे काही आलं ते ऐकताना नानांनी फोन कानापासून लांब धरला. “हा... हा... तुमनं नाव पहिलं पाहिजे व्हतं... तुम्ही नही उनात ते भरीतले चव कसी ई?... नही नही, फोनवर नही, मी सोता ई जासू आमंत्रण देवाले.”

स्वतः आमंत्रण द्यायला येतो म्हणाले, तरी बराच वेळ चाललं. उन्हं उतरायला लागली. शेवटी आबा विरघळले, त्यांनी हितेंद्रला फोन केला, आणि हितेंद्रने वाट उघडली.

कहकशाने बाकी रांग रोखून आधी कंटेनरचे कागद सोडले. गेले. थोड्याच वेळात दुबईहून कागद मिळाल्याचं उत्तर आलं. पेढीत एकच गिल्ला झाला. उदबत्तीवाला म्हणाला, “मी सांगितलंच होतं.”

नाना तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “या पुणेवाल्यांचं अजून उत्तर नाही. सकाळपासून! काय कामाची रे ही माणसं?”

“उत्तर कुठून येणार, नाना?” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “तुमची मेल याच डब्यातून निघाली ना? ही बघा, रांगेत उभी आहे. आता वाट मोकळी आहे. सोडू?”

नाना खोकले. “राहू दे तिथेच.”

“तिथे राहत नाही. एक तर सोडायची, नाहीतर पुसायची.”

“मग पूस.”

“दुसऱ्याची मेल मी पुसत नाही,” कहकशा म्हणाली आणि उठून खुर्ची त्यांना दिली. “तुम्ही पुसा.”

नाना बसले. कुठलं बटण ते तिने दाखवलं. नानांनी पुन्हा एकदा विचारून खात्री केली आणि बोटाने असं जोरात दाबलं की कीबोर्ड टेबलावर सरकला.

मग तिथेच बसून म्हणाले, “आता तुझ्या अम्मीच्या, नूरबीच्या नावाने एक आमंत्रण लिही. एकटीच्या नावाने.”

“अम्मीला ईमेल नाही, नाना.”

नाना उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. “मग चल. नूरबीला घरी येऊन सांगतो.”