दुपारच्या गाडीचे सहा दिवस

दोंडाईच्याहून ज्ञानचंदजींचं पत्र आलं तेव्हा मी अकरावीत होते. १९६७ साल संपत आलं होतं. दोंडाईच्याला त्यांचा मिरचीचा व्यापार होता. थोरला मुलगा अभयकुमार लग्नाचा होता, आणि त्याच्यासाठी मला पाहायला ते जळगावला यायचे होते. पण पत्रात एक अट होती. ‘पुढच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार यांतल्या एका दिवशी दुपारच्या गाडीने येऊ. कोणत्या, ते आम्ही दारात उभे राहीपर्यंत तुम्हाला कळणार नाही. मांडून ठेवलेली घरं आणि नटवलेल्या मुली पुष्कळ पाहिल्या. आता रोजचं घर पाहायचं आहे.’

गाडी दुपारचीच, कारण सूर्यास्तानंतर ते अन्नपाणी घेत नसत. आमच्याकडेही तीच रीत होती. म्हणजे दुपारची गाडी येऊन तासभर उलटला की तो दिवस गेलाच.

माझ्या वडिलांनी, नेमीचंदांनी, सांगून टाकलं होतं की पसंती आली तर माघातच लग्न उरकायचं. माझी परीक्षा मार्चमध्ये. गणितात मी वर्गात पहिली यायची आणि परीक्षा बुडणार या विचाराने मला जेवण जात नव्हतं. पाहुणे येऊच नयेत, एवढंच हवं होतं.

रविवारी डबे घासताना मला ते सुचलं. आईला म्हटलं, ते शनिवारी येऊ शकत नाहीत. शुक्रवारपर्यंत आले नाहीत तर शनिवारच उरतो, मग दिवस आपल्याला आधीच कळला आणि त्यांचा शब्द मोडला. शनिवार बाद झाला की शुक्रवार शेवटचा. गुरुवारपर्यंत आले नाहीत की तोही कळणार, म्हणून तोही बाद. असं करत करत मी सोमवारपर्यंत आले. ज्ञानचंदजी शब्दाचे पक्के, तेव्हा ते येऊच शकत नाहीत.

आई सूरजबाई चौथी शिकलेली. तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि विचारलं, “हे तुझ्या पुस्तकात आहे का?” पुस्तकातल्याच रीतीने आहे, असं मी सांगितलं. तरी सोमवारी तिने नवी चादर घातली, लाडू वळले. कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. मग चांगल्या कपबशा परत पेटीत गेल्या. वडील हसले, पण बुधवारी सकाळच्या एसटीने आत्याकडे पहूरला निघूनही गेले.

बुधवारी आम्ही गाद्यांच्या खोळी धुवायला काढल्या. दार वाजलं तेव्हा माझा पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत साबण. दारात गुलाबी पगडीतले उंच गृहस्थ आणि मागे अवघडलेला एक तरुण. माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही येऊच शकत नव्हता.”

मागे आईच्या हातून बादली सुटल्याचा आवाज आला.

“का बरं?” त्यांनी विचारलं आणि उघड्या गादीवर बसले.

मी ओल्या हातांनीच सगळं सांगितलं. ते शनिवारपासून मागे सोमवारपर्यंत बोटांवर मोजत गेले. पुन्हा मोजलं.

“चूक कुठे आहे यात?”

“मला सापडत नाही.”

“मलाही नाही. पण मी तर आलोय.” मग त्यांनी परीक्षा कधी ते विचारलं. मार्चमध्ये, आणि लग्न माघात, असं मी म्हटलं. ते आतल्या दाराकडे वळून आईला म्हणाले, “बाईसाहेब, लग्न वैशाखात करू. हिने अकरावी अर्धी सोडली तर घरात माझ्याशी वाद कोण घालणार? आमचा अभय तर आत्ताही खाली बघतोय.”

खोळ नसलेल्या गादीवर बसून ते दोघं लाडू खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी मेहरुनला सगळं सांगितलं. माझ्या बाकावर बसणारी मेहरुन गणितात नेहमी नापास व्हायची. ती डबा उघडत म्हणाली, “येडे, तू ठरवलंस ना ते येणार नाहीत? मग त्यांना सहाही दिवस मोकळे झाले. शनिवारी आले असते तरी तू अशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिली असतीस.”

परीक्षेत मला गणितात ब्याऐंशी मिळाले. वैशाखात मी दोंडाईच्याला आले.

सासरे दुपारी जेवायला घरी येत. त्यांच्या कपड्यांना मिरचीचा वास असे आणि ताटावर बसताच आम्हा दोघांना शिंका येत. आठ-पंधरा दिवसांनी एकदा ते हमखास विचारत, “कुसुमलता, चूक सापडली?”

मेहरुनचं बोलणं मला पाठ होतं. पण ते सांगितलं तर त्यांचं विचारणं थांबलं असतं. म्हणून मी दरवेळी म्हणत असे, “नाही, बाबूजी.” मग ते समाधानाने बोटांवर शनिवारपासून मोजायला लागत आणि तेवढ्यात मी त्यांच्या ताटात आणखी एक फुलका वाढत असे.