नाव माझं 'काढायचा'

मित्रांनो, मी एक जुना नारंगी गोल आहे. कागदावरचा नाही बरं का, सोलापुरातल्या सरफराजच्या कॉम्प्युटरमधला. मला हात लावता येत नाही, पण नाचवता येतं.

सरफराजनं मला बनवलं तेव्हा त्याच्या व्हिडिओच्या दुकानात एकच खुर्ची होती, तीही डुगडुगायची. त्यानं मला सगळं शिकवलं. पडद्यावर वरून टपकन पडायचं, आपटून भाकरीसारखं चपटं व्हायचं, मग टुणकन उडून दीड कोलांटी मारायची आणि मधोमध थांबायचं. बारशाचं आमंत्रण असो नाहीतर चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याची जाहिरात, पहिली उडी माझी. लोक म्हणायचे, "काय उडतंय बघ की!" मी आणखी नारंगी व्हायचो.

मग एक दिवस सावित्रम्मा आल्या. त्यांचे यजमान गुरुबसप्पा होटगी रेल्वे स्टेशनवरून रिटायर होत होते. संध्याकाळी सत्कार, त्यात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो लाडू कशाला हितं? ह्येच्या जागी आमच्या मालकांचा फोटो टाक की."

"टाकतो की अम्मा. चुटकीचं काम हाय."

सरफराजनं माझ्या सगळ्या उड्या उचलल्या आणि फोटोला चिकटवल्या. नंतर पुसून टाकायचं लक्षात राहावं म्हणून माझं नाव ठेवलं 'काढायचा'. आणि माझ्या नावापुढचा डोळा मिटला. तो डोळा मिटला की आम्ही पडद्यावर दिसत नाही. मी आतून बोंबलत होतो, "अरे थांब! गोलाला डोकं-पाय नसतात, माणसाला असतात!" ऐकतो कोण?

दुकानातच व्हिडिओ लावून बघितला. गुरुबसप्पा आभाळातून पडले. आपटून मिशांसकट चपटे झाले. टुणकन उडाले, दीड कोलांटी मारली आणि डोक्यावर उभे राहिले. खाली अक्षरं उमटली, 'सदैव ताठ मानेने सेवा'.

"अय्यो!" सावित्रम्मा किंचाळल्या. "ह्यांनी उभ्या जन्मात एक डबा उलटू दिला न्हाय, आन तू ह्यांनाच उलटं केलास व्हय रे?"

सरफराजला घाम फुटला. मोठ्या पडद्यावरचं त्याचं हे पहिलंच काम. सगळी होटगी बघणार होती. घाईघाईत त्यानं उड्या काढून टाकल्या. आता फोटो हळूच वर सरकला आणि पांढऱ्या उजेडात विरून गेला. फोटोत कुठल्याशा जुन्या सत्काराचा हार गळ्यात होता. मागं बासरीचे सूर.

सावित्रम्मांनी नकळत पदर डोळ्याला लावला. मग एकदम भानावर आल्या. "मुडद्या, जिता हाय की रं माणूस! घरी भजी खात बसलाय!"

सरफराजनं कपाळ धरलं. "उडवलं तर उलटं हुतेत, न्हाय उडवलं तर वर चाललेत. मी काय करू, अम्मा?"

"तो लाडूच बरा हुता. त्यालाच मारू दे उड्या. ह्ये बसतील निवांत त्याच्यावर."

माझा डोळा उघडला! मी पडलो, चपटा झालो, उडालो, दीड कोलांटी मारून थांबलो. मग माझ्यावर गुरुबसप्पा अलगद आले, सरळ, मिशा वर. माझी तेवढी बारीक नारंगी कड दिसत राहिली.

संध्याकाळी सत्कारात टाळ्या लई पडल्या म्हणे. गुरुबसप्पांना. माझं काही म्हणणं नाही. पण घाईत सरफराज माझं नाव बदलायला विसरला. आता फाईल उघडली की त्याच्या माउसचा बाण माझ्यापाशी थबकतो. तो पुटपुटतो, "ह्ये काढायचं राहिलं काय?" बोट पुसायच्या बटणावर जातं, आणि नेमकं कुणीतरी गिऱ्हाईक येतं. म्हणून मी आहे.

मित्रांनो, कुणाच्या जागी दुसरं कुणी बसवायचं तर खुशाल बसवा. पण तो तिथं काय करत होता, ते आधी बघा. आणि सोलापुरात असलात तर सरफराजच्या दुकानात जा, त्याला सांगा, गोलाचं नाव बदल. 'लाडू' चालेल.

जरा पळत जा. दुकानात आत्ता एकही गिऱ्हाईक नाही, आणि बाण माझ्यावर आलाय.