मालकीणबाईंचं माप

चामडं शिवणाऱ्या काकांनी खुर्चीच्या पाठीमागची चेन उघडली, चामडं कडेकडेनं सोडवलं आणि टेबलावर पसरून ठेवलं. चिमटा डब्यात ज्या आवाजानं पडला त्यात त्यांचं सगळं म्हणणं आलं. हे चामडं ते पुन्हा पुन्हा चढवत होते आणि पुन्हा पुन्हा उतरवत होते.

"बसलं की टोचतंय," ती म्हणाली.

"फोम कधी टोचतो का, मालकीणबाई? तुमचं चित्तच खुर्चीत नाही."

हॉलमध्ये तिला सगळे मालकीणबाई म्हणत. ती फोम कापायचं काम करायची. त्या हॉलमध्ये श्रीमंतांची खाजगी विमानं आतून सजवली जात. विमान यायचं तेव्हा आत नुसत्या सांगाड्याच्या बरगड्या आणि वायरी असायच्या. जाताना त्यात पलंग, आरशासारखी चमकणारी लाकडी कपाटं, सोनेरी नळ असं सगळं असायचं. खुर्च्या तर मालकाच्या अंगाच्या मापानं बनायच्या. पण मालकांना तासन् तास येऊन बसायला सवड कुठली? त्यांची मापं यायची, आणि कामगारांमधलाच त्या बांध्याचा कुणीतरी शोधून त्याला मालकाच्या जागी बसवलं जायचं.

या वेळी मालक एक बाई होत्या. त्यांचे कारखाने होते आणि त्या लांबलांबचे प्रवास एकट्यानंच करत. फोरमन टेप घेऊन हॉलभर फिरला आणि माप जुळलं ते फोम कापणारीशीच. आपल्या रुंद कमरेचा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला, असं घरी सांगून ती पोट धरून हसली होती. दुसऱ्या दिवसापासून काका रोज कमरेत वाकून विचारायचे, विमान तयार आहे, आज कुठं जायचं?

सुरुवातीला काम छान चाललं होतं. ती डोळे मिटून बसायची. अंगाचा भार कुठे जास्त पडतो, कुठे कमी, हे लक्ष देऊन पाहायची. चांगल्या खुर्चीत भार सगळीकडे सारखा वाटला जातो. तो एका जागी साठला की तिथलं रक्त अडतं आणि माणूस चुळबुळ करायला लागतो. मग ती उठून त्या जागी खडूनं खूण करायची आणि विजेच्या सुरीनं तेवढाच फोम तासायची. न हलता बसावं तर तिनंच, असं फोरमन इतरांना ऐकवायचा.

गेले काही महिने मात्र तिला बसवत नव्हतं. थोडा वेळ झाला की खालची हाडं लागायची. ती या बाजूवरून त्या बाजूवर व्हायची, पाय सरळ करायची, उठायची. पाणी पिऊन यायची, पॉलिश चाललेल्या कपाटांकडे उगाच चक्कर मारायची, परत येऊन बसायची आणि लगेच पुन्हा उठायची. फोमच कडक आलाय, असं तिनं ठरवून टाकलं. वरचा थर काढून मऊ घातला. मग दोन्ही बाजूंना पोकळ वाटायला लागलं, म्हणून कडा भरून घेतल्या. थोडे दिवस खुर्ची अंगाला बसायची आणि पुन्हा सैल वाटायची. ती पुन्हा भरायची.

पॉलिशवाल्या बायका म्हणायच्या, काय बारीक झालीस गं, करतेस तरी काय? विमानात बसून हवा खाते, असं ती सांगायची आणि त्या हसायच्या. घरी नवरा हसत नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलायचा मुळातच कमी. डॉक्टरला दाखवून ये, असं त्यानं बऱ्याचदा सांगून पाहिलं. मग सांगणं सोडलं आणि तिच्या ताटात न विचारता जास्तीचं वाढायला लागला. तिची आई एका वर्षात अशीच वाळत गेली होती. दाखवलं तोवर फार उशीर झाला होता. दोघांनाही ते आठवत होतं, आणि दोघंही तो विषय काढत नव्हती. ही खुर्ची एकदा विमानात चढू दे, मग जाते, असं ती म्हणायची.

खुर्ची विमानात चढली, आणि विमानाच्या मालक मॅडम ती बघायला आल्या. साधा शर्ट, दमलेला चेहरा, मागे त्यांचा सेक्रेटरी. सगळे केबिनमध्ये दाटीवाटीनं उभे राहिले. मॅडम बसल्या, मागे टेकल्या. जरा डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे.

"अडकल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी कुणीतरी धरून ठेवलंय."

फोरमनचा चेहरा उतरला. त्यानं आधी चामड्याच्या शिलाईवरून बोट फिरवलं. चामडं जास्त ओढून बसवलं की खुर्ची आवळते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं काकांना हळूच विचारलं, किती ताणलं होतं? नेहमीइतकंच, काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. चामड्याचं काम दुसरीकडे देता येईल, असं सेक्रेटरीनं सुचवलं आणि फोरमननं मान डोलावली. काका आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

मॅडमचंच वजन वाढलं असेल, हे म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते त्यांनीच ओळखलं. मी सुटलेय असं वाटतंय ना तुम्हाला, घ्या माप, असं म्हणत त्या हसून उभ्या राहिल्या. फोरमननं अवघडून टेप लावली. माप पहिल्याइतकंच होतं, सुताचाही फरक नव्हता.

ती दाराशी उभी होती. मॅडम बसल्या आणि त्यांच्या मांड्या भरलेल्या कडांना दाबल्या, तेव्हाच तिला उत्तर कळलं होतं. खरं तर बऱ्याच आधीपासून ते तिला कळत होतं. ते ती फोममध्ये भरत राहिली होती.

"चामड्याचा दोष नाही," ती म्हणाली. "काकांनी बरोबर शिवलंय. माझं माप घ्या."

"तुमचं कशाला?" फोरमननं विचारलं.

"घ्या तर."

तिनं कामाचा सैल डगला मुठीत धरून मागे ओढला. फोरमननं टेप फिरवली आणि आकड्याकडे बघितलं. आपण चुकीच्या जागी धरली असं वाटून थोडी वर घेतली, मग खाली. आकडा त्यानं मोठ्यानं वाचला नाही. टेप गुंडाळायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"कधीपासून आहे हे?" मॅडमनी विचारलं.

"लक्षात नाही, मॅडम." मग ती म्हणाली, "आहे लक्षात. पण खुर्ची संपवायची होती."

"माझ्यासाठी?"

"नाही. खुर्ची संपेपर्यंत डॉक्टरकडे जावं लागत नव्हतं."

 काकांनी तोंड उघडलं, तिला नेहमीच्या नावानं हाक मारायला गेले आणि मध्येच थांबले. सेक्रेटरीनं घड्याळाकडे बघून पुढच्या भेटीची आठवण करून दिली. मॅडमनी त्याला ती पुढे ढकलायला सांगितली. आलेच आहे तर मीच बसते, चामडं उतरवा, असं म्हणाल्या.

काका चामडं सोडवत होते तेवढ्यात ती खाली उतरली आणि तिनं नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात होता. त्याचा आवाज घुमत होता.

"उद्या जाऊ या," ती म्हणाली.

कुठं, असं त्यानं विचारलं नाही. "आत्ता येऊ का?"

"आत्ता काम आहे. उद्या."

"बरं," तो म्हणाला, पण फोन ठेवला नाही. तिनंही जरा वेळ ठेवला नाही.

वर मॅडम उघड्या फोमवर बसल्या होत्या. ती त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि त्यांच्या अंगालगत खडू फिरवू लागली. मांडीजवळ, कमरेजवळ, पुन्हा मांडीजवळ. मॅडमना उठायला सांगून तिनं बघितलं. आत तिच्या अंगाचा खळगा होता आणि बाहेर खडूची रेघ. मधल्या जागेत तिनं हात ठेवला. तो अख्खा मावला.

सुरी सुरू करून तिनं बाहेरच्या रेघेवर लावली. हात अजून पूर्वीसारखाच स्थिर होता. दोन्ही कडा सलग निघाल्या, लांब आणि बाकदार. तिनं त्या उचलून कडेला ठेवल्या. हातात काही धरलंय असं वाटतच नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

मॅडम बसल्या. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. किती वेळ बसू, असं त्यांनी विचारलं. बराच वेळ, तिनं सांगितलं, त्याशिवाय कळत नाही. थोड्या वेळानं त्यांचे डोळे मिटले, श्वास लांब झाला. काका चामडं हातावर घेऊन दाराशी आले. तिनं नको अशी मान हलवली तसे ते आल्या पावली मागे फिरले.

मग ती तिथंच खाली विमानाच्या भिंतीला पाठ टेकून बसली आणि मॅडम जाग्या व्हायची वाट बघू लागली.