बाबांकडून आलेली चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे, मित्रांनो, पण कागदाची नव्हे. कागद जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून मी पिढ्यानपिढ्या उतरत आले आहे. शास्त्रज्ञ मला जनुक म्हणतात. सध्या मी ठमीच्या पेशीपेशीत राहते. ठमी चार वर्षांची आहे आणि तिला जवळजवळ दिसत नाही. त्यात माझा हात आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

माझे काम एकच. एक लांबलचक प्रथिन कसे बनवायचे, ते मी पेशीला सांगते. ते प्रथिन पेशीच्या मध्याजवळ, तारककाय नावाच्या चिमुकल्या ठिकाणी राहते. पेशीला केसासारखा बारीक दांडा फुटतो, तिथे ते बुडाशी दरवानाचे काम करते. आत काय जाईल, बाहेर काय येईल, यावर त्याची नजर असते. डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे तर या दारावाचून चालतच नाही. दरवान नसला की पुढे माल पोचत नाही आणि नजर जाते. काही मुलांची मूत्रपिंडेही थकतात, काहींच्या मेंदूची घडण बिघडते. ठमीचे डोळ्यांवरच निभावले.

माझ्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबांची. एक बिघडली तरी दुसरी संसार ओढते. ठमीच्या आईकडून आलेल्या प्रतीत एक अक्षर गळले आहे. मी बाबांकडून आले. माझ्यातही एक अक्षर बदलले आहे, पण अगदी आडजागी. माझ्या मजकुरात मध्येमध्ये लांब तुकडे आहेत, ते पेशी कापून टाकते. माझी चूक अशाच एका तुकड्यात दडली आहे. तिच्यामुळे पेशी फसते, त्यातला एक कपटा कामाचा समजून जोडून घेते आणि त्यात 'थांबा' असे वाचून काम अर्ध्यावर सोडते.

ठमी दोन वर्षांची असताना तिचे रक्त तपासले. प्रयोगशाळेत तेव्हा कामाचे भाग तेवढे वाचत आणि मधले तुकडे ओलांडून जात. अहवालात आईकडची चूक आली. मधल्या तुकड्यांपुढे एकच शब्द होता, 'बिनकामाचे'.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका चुकीनं हा आजार होत नाही. अजून काहीतरी आहे, ते आम्हाला सापडत नाहीये." घरी पोचेपर्यंत त्यातले काहीच उरले नाही. ठमीची आत्या आईला म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडनं आलंय तर. आमच्या आजीनं नव्वदीत सुईत दोरा ओवलाय." बाबा पेपर वाचत राहिले. मी आत तडफडत होते. मला तोंड असते तर घर डोक्यावर घेतले असते. दोन वर्षे आई ठमीला भरवताना मध्येच थांबायची आणि हळूच म्हणायची, "चुकलं गं माझं." दर वेळी ते मला ऐकावे लागे.

मग प्रयोगशाळेत एक नवी तपासनीस आली. एकदा खणायला लागली की थांबत नसे, म्हणून सगळे तिला 'खोदकाम' म्हणत. तिने जुने अहवाल उपसले आणि साहेबांना विचारले, "बिनकामाचे, हे ठरवलं कुणी?"

"सगळेच तसं लिहितात."

"मग सगळ्यांनीच वाचायचं टाळलंय."

ठमीच्या रक्ताचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा वाचायला घेऊन ती त्या तुकड्यांत उतरली. नवव्या दिवशी तिचे बोट माझ्यावर येऊन थांबले. मित्रांनो, पकडले गेल्यावर इतके हायसे कोणाला वाटले नसेल.

नवा अहवाल बाबांनी दवाखान्याच्या जिन्यातच तीनदा वाचला आणि तिथूनच आत्याला फोन लावला. "ताई, माझ्याकडनंही आलंय. घरात सगळ्यांना सांग." फोन ठेवून ते आईकडे वळले. "मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," आई म्हणाली. मग तिने अहवाल त्यांच्या हातातून घेऊन स्वतः वाचला. "मला बरं वाटायला नको होतं. पण वाटलं."

मित्रांनो, माझ्यासारख्या चुकांवर औषधाचे प्रयोग चालू आहेत. पण चूक नेमकी कुठे आहे, हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. म्हणून विनवते, न वाचलेल्याला बिनकामाचे म्हणू नका आणि अर्धे वाचून कोणाला दोषी ठरवू नका. दोष कोणाचा ते ठरले, असे समजून ठमीचे घर दोन वर्षे स्वस्थ बसले. त्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांतल्या किती पेशी विझल्या, ते मी रोज पाहत होते.