आक्कांकडची किल्ली

आक्कांच्या नावासमोर दोन निळ्या खुणा — म्हणजे व्हिडिओ बघितला, आता पुसून उपयोग नाही — आणि नंदिनी मनाशी मोजू लागली, आक्कांना घरच्या ग्रुपमध्ये राहू देऊन आपण नेमकं कमावलं काय? चांगुलपणा. तोही फुकटात. मोहितशी ठरलेलं लग्न तिनंच मोडलं. त्याची गडहिंग्लजची मंडळी एकेक करून ग्रुपमधून गेली, त्याची आई, आक्का, तेवढ्या राहिल्या. त्यांना काढणं बरं दिसत नाही, घरात सगळेच म्हणाले... आक्का आहेत तोवर नंदिनी वाईट नाही, असा तो सोयीचा अर्थ.

आणि ऑफिसात ती पोटासाठी करते काय? क्लासवाल्यांचे व्हिडिओ कुलूप लावून शेकडो मुलांना पाठवायचे, एक जरी गटातून गेला तरी उरलेल्यांना व्हिडिओ उघडायची नवी किल्ली द्यायची. गेलेल्याशी वैर नसतं, त्याची जुनी किल्ली चालत नाही एवढंच. घरी मात्र आक्कांची जुनी किल्ली चालूच — आता जिथं लग्न ठरलंय त्या अर्णवच्या घरच्या कालच्या चहापानाचा व्हिडिओ सकाळी तिनं, आक्का ग्रुपात आहेत हे विसरून, कौतुकानं टाकला, ज्यात होणाऱ्या सासूला हसवायला ती आक्कांची नक्कल करत होती, पदर सावरत, मान हलवत: ‘जेवलीस व्हय गं? न्हाय? मग काय खाल्लंस?’ वाटेत कुणाला फोडता येणार नाही असा बंदोबस्तात गेला, थेट आक्कांच्या हातात. आता मोहित बघणार, चार जणांना दाखवणार, कोल्हापुरात बोभाटा... काल हसलेल्या सासूबाईही मग म्हणतील, उद्या आपली पाळी.

डबा तसाच राहिला. संध्याकाळी फोन वाजला.

“माझा आवाज बरा काढतीस की,” आक्का म्हणाल्या.

“आक्का...”

“मोहितला दावलं न्हाय. माज्या फोनातनं पुसलं. आता मी बी जाते ग्रुपातनं, मला काढायची पाळी तुज्यावर नगं. सुखात ऱ्हा.”

पडद्यावर ओळ उमटली — आक्का बाहेर पडल्या. सुटले... सुटले मी! खांदे हलके झाले, चक्क भूक लागली. लग्न मोडलं नंदिनीनं, नक्कल केली नंदिनीनं, चांगुलपणाही तिच्याच नावावर शाबूत. त्याची किंमत भरली ती आक्कांनी, आणि जाताना दारही त्यांनीच ओढून घेतलं. डब्याचं झाकण काढताना तिचा हात थांबला — जेवलीस का, हे आज त्यांनी विचारलंच नव्हतं.