गोटीरामची कमान

सिन्नरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आमचा ताजणे मळा. मी लग्न होऊन आले तेव्हा अकरा घरं होती, आणि पावसाळ्यात चपला हातात घ्यायला लावणारी वाट. पुढे वीज आली, शाळेची खोली झाली, डांबर पडलं. एसटी मात्र आपोआप आली नाही. माझ्या सासूबाई, सावित्रीबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या बायकांना घेऊन सहा वेळा डेपोत जाऊन बसल्या, तेव्हा कुठे सकाळची गाडी वस्तीपर्यंत यायला लागली. बायका झेंडूच्या पाट्या घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जायच्या, मुली कॉलेजला.

मग गोटीराम सरपंच झाला. त्याचं म्हणणं, विकास दिसला पाहिजे. पिण्याचं पाणी तिसऱ्या दिवशी येत होतं, पण ते फोटोत दिसत नाही. म्हणून त्याने फाट्यावर कमान बांधायला घेतली. वर सिमेंटचे दोन हत्ती, मधे वस्तीचं नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरांत त्याचं स्वतःचं. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला नाव नीट वाचता यावं म्हणून त्याने आडवी तुळई खाली घ्यायला लावली.

भिका गवंडी म्हणाला, "सरपंच, एसटी अडंल."

"एसटी काय हत्तीवर बसून येती का?" गोटीराम म्हणाला. सोबतचे चार जण हसले. ते नेहमीच हसायचे.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर रावजीने फाट्यावर गाडी थांबवली, खाली उतरून वर बघितलं आणि कंडक्टरला म्हणाला, "टप घासंल. मी आत नेत नाय." तेव्हापासून गाडी फाट्यावरूनच निघून जायची. बायका डोक्यावर पाट्या घेऊन दोन किलोमीटर चालू लागल्या. आत्याबाई ग्रामपंचायतीत गेल्या, मीही सोबत होते.

गोटीराम खुर्चीतून उठलाही नाही. "काकू, चाललं की तब्येत चांगली राहती. ओपन जिमपण आणतोय आपण."

दीड वर्ष गेलं. ओपन जिम आली, तिच्यावर लोक गोधड्या वाळत घालायला लागले. संध्याकाळी परतताना फाट्यावर टवाळ पोरं उभी राहायची, म्हणून साधना आणि भाग्यश्री या दोघींचं कॉलेज घरच्यांनी बंद केलं. ते ऐकून गोटीराम म्हणाला, फाट्यावर सौरदिवा बसवू. बसवला. त्याच्या उजेडात त्याचं नाव आणखी छान दिसायचं.

मग गेल्या उन्हाळ्यात त्याच्याच शेतात बोअर घ्यायचं ठरलं. बोअरची गाडी सकाळी फाट्यावर आली आणि कमानीपुढे थांबली. गाडीवाला म्हणाला, दुपारपर्यंत आत जाता आलं नाही तर मी चांदवडला चाललो, तिकडचं काम आहे. गोटीरामने तीन फोन केले. तासाभरात जेसीबी आला. बारा वाजता हत्ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडले होते आणि बोअरची गाडी वस्तीत शिरली होती. ग्रामसभा नाही, ठराव नाही, अर्ज नाही.

आत्याबाई दुसऱ्याच दिवशी डेपोत गेल्या. सोमवारी रावजी गाडी घेऊन वस्तीत आला. आमच्या आधी गोटीराम तिथे हजर, हार, नारळ आणि फोटोवाल्यासकट. "माता-भगिनींचे हाल मला बघवेनात," तो सगळ्यांना सांगत होता. "म्हणून स्वतःच्या नावाची कमान मी स्वतः पाडली." त्याने आत्याबाईंपुढे शाल धरली.

आत्याबाईंनी पाटी खाली ठेवली नाही. शांतपणे विचारलं, "गोटीराम, बोअरला पाणी लागलं का रे?"

फोटोवाल्याचा हात तसाच राहिला. पहिल्यांदा भिका हसला, मग बायका, आणि शेवटी ते चार जणसुद्धा.

"नाय, काकू," गोटीराम म्हणाला. "कोरडं गेलं."

"बरं," म्हणून त्या गाडीत चढल्या.

साधनाने पुन्हा नाव घातलंय. वर्गातल्या मुलींपेक्षा मोठी दिसते, पण जाते. भाग्यश्रीचं लग्न त्याच दीड वर्षात होऊन गेलं, येवल्याला. गोटीरामने तिच्या लग्नात आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्यावरही त्याचं नाव होतं.