स्फटिकावरचा भंडारा

धुळाप्पाच्या घरी नवं काही आलं, की त्याला भंडारा लागायचाच. कोकरू असो, घोंगडं असो, नाहीतर मोटारसायकल. आज सोलापुरात, लेकीच्या प्रयोगशाळेत, टेबलावर त्यानं लिंबाएवढा स्फटिक पाहिला आणि त्याची बोटं आपसूक कमरेच्या पिशवीत गेली. वरनं रूप बिघडू नये म्हणून बिरोबाचं नाव घेत त्यानं चिमूटभर हळद खालच्या अंगाला चोळली. सुकन्या पाठमोरी होती. मग घाईनं तिनं स्फटिक सौरपट्टीवर ठेवला आणि बाहेरचा उजेड नको म्हणून वरनं काळी पेटी मिटली.

वाटेत तिनं सांगितलं होतं, "आबा, अणुभट्टीचा कचरा शेकडो वर्षं किरण टाकतो. माणसाला ते वीख. स्फटिक ते किरण पितो, उजेड सोडतो. त्या उजेडाची पट्टीवर वीज हुतीया."

"लेंड्यांवानीच की! मेंढरानं टाकलं, रानानं सोनं केलं."

त्या कचऱ्यातला एक कण शिशाच्या पेटीत आला होता. दुपारी गाडी तो परत नेणार होती. पुन्हा परवानगी मिळायला वर्ष गेलं असतं.

सगळे शिशाच्या विटांआड उभे राहिले. सुकन्यानं लांबूनच दांडा ढकलला, कण स्फटिकाजवळ सरकला. पडद्यावर शून्य. तारा तपासल्या. शून्यच.

"होग्ली बिडू, जाऊ दे पोरी," तिचे गुरुसिद्धप्पा सर हळूच म्हणाले.

लेकीचा खालचा ओठ थरथरला. तीन वर्षांचं जागरण त्या ओठावर उभं होतं. धुळाप्पाचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. इतक्या शिकलेल्या माणसांत काय बोलावं? पण गप्प तरी कसं राहावं?

"सर, पोरीचं काय चुकलं न्हाय. म्या भंडारा लावलाय."

"कुटं?" सुकन्या वळली.

"खाली. दिसू नये म्हणून."

मग सर हसू लागले ते डोळ्यांत पाणी येईतो. "अहो, उजेडाच्या दारातच पडदा लावलात की!"

सुकन्यानं कण मागं शिशात ओढून घेतला, काळी पेटी उघडली, स्पिरिटच्या बोळ्यानं हळद निपटून काढली. रागाचा एक शब्द नाही. हात मात्र नुकतं जन्मलेलं कोकरू पुसावं तसे हलके. धुळाप्पा ते हातच बघत राहिला.

पुन्हा दांडा सरकला. आकडा हलला. चढला. थांबला, आणि टिकला.

सरांनी चष्मा काढला.

"ह्याच्यावर दिवा लागंल?" धुळाप्पानं दबकत विचारलं.

"न्हाय आबा, लई इवलीशी वीज हाय. पण कचऱ्याच्या कोठारात, जितं माणसानं पाऊल टाकू न्हाय, तितं ह्येच्यावर एक बारकं यंत्र जागं ऱ्हाईल कधीतरी. गळती झाली की हाळी दील. ब्याटरी बदलाय कुणाला आत जायला नको." ती पुन्हा पडद्याकडं वळली. "अजून दोन येळा मोजायचंय."

तेवढ्यात गाडीवाला दारात आला, घड्याळ दाखवू लागला. धुळाप्पा उंबऱ्यातच मांडी घालून बसला आणि गाडीवाल्याचा हात धरून त्यानं त्यालाही खाली बसवलं.

"बसा की राव घडीभर. माजी लेक लांडग्याच्याच ताकदीवर राखणीचं कुत्रं पोसतीया."